घरगुती पाळणाघराला प्रशिक्षण कशाला? ‘आजी कुठे शिकली होती’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पाचजणांची_मावशी

परवा एका महाशयांनी लिहिलं, “घरात चार पोरं सांभाळायला कसलं आलंय प्रशिक्षण? आजीने काय डिप्लोमा केला होता? सगळे सर्टिफिकेट विकायचे धंदे.” खाली वाहवांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी राहवेना.

अकरा वर्षं घरात पाळणाघर चालवतेय. सध्या पाच मुलं. सगळ्यांत धाकटी आठ महिन्यांची, थोरला सहा वर्षांचा, शाळेतून परस्पर येणारा. आजी स्वतःची नातवंडं सांभाळायची, घरात आणखी चार माणसं असायची आणि पोर पडलं तर तिला जाब विचारायला कुणी येत नव्हतं. मी एकटी असते. बाथरूमला जायचं तरी बाळ पाळण्यात, दार उघडं आणि कान बाहेर.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दहा महिन्यांचा एक मुलगा चटईवर बसलेला. तेव्हाच्या थोरल्याच्या दप्तरातून पेनाचं टोपण पडलं असणार, ते याच्या तोंडात गेलं. आधी ठसका लागला. मी उचललं, पण बोट घातलं नाही, कारण आवाज येतोय तोवर त्याला स्वतः खोकू द्यायचं हे शिकवलं होतं. मग आवाज बंद झाला. तोंड रडल्यासारखं उघडं आणि आवाज शून्य. ओठ काळपट व्हायला लागले. माझ्या डोक्यात काहीही नव्हतं, खोटं कशाला सांगू. हातांनीच केलं. मांडीवर पालथा, डोकं खाली, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध थाप. पाच मोजायच्या होत्या, चौथ्या थापेला टोपण चटईवर. तो रडला, मीही रडले. आणि कोपऱ्यातून एक तीन वर्षांची विचारते, “मावशी, तू बाळाला का मारलंस?”

ते हात आजीने शिकवलेले नव्हते. एका शनिवारी प्लास्टिकच्या बाहुलीवर गिरवलेले होते. त्याआधीची माझी पद्धत म्हणजे तोंडात आंधळेपणाने बोट फिरवायचं. त्याने वस्तू आणखी आत ढकलली जाते.

तेव्हा ‘धंदे’ म्हणण्याआधी जरा थांबा. प्रशिक्षण म्हणून आमच्या गळ्यात जे मारतात त्याबद्दल माझीही तक्रार आहे, पण ती वेगळी.

जुनं_खोड

मावशी, टोपण निघालं, देव पावला. पण एका टोपणावरून सगळ्यांना वर्गात बसवू नका. मी 28 वर्षं मुलं सांभाळली. आता माझ्याकडे वाढलेल्या मुलांची मुलं येतात. मूल कुठल्या रडण्याला भुकेलंय आणि कुठल्या रडण्याला पोट दुखतंय हे मला पुढच्या खोलीतून कळतं. हे कुठल्या तासाला शिकवतात?

परवा एक पोरगेलीशी बाई तपासायला आल्यासारखी आली आणि म्हणाली, बाळांना पालथं झोपवू नका. अगं, 28 वर्षं पालथंच झोपवतेय. शांत झोपतात, दचकत नाहीत. एकालाही काही झालेलं नाही.

रात्रपाळी_नर्स

खोड काकू, आदर ठेवून सांगते, ‘एकालाही काही झालं नाही’ हा या बाबतीत पुरावाच नाही. पालथं झोपवलं की ज्यांचा धोका वाढतो ते बाळांचे झोपेत अचानक होणारे मृत्यू अमेरिकेत 1990 च्या सुमारास हजार जन्मांमागे एक-सव्वा होते. तुमच्याकडे 28 वर्षांत तान्ही बाळं किती आली असतील? शंभर? दीडशे? म्हणजे चूक रोज केली तरी आयुष्यभरात एकदाही न दिसण्याचीच शक्यता जास्त. रडणं ओळखायला तुम्ही शिकलात कारण ते दिवसातून वीसदा घडतं. जे आपल्यासमोर घडतच नाही ते अनुभवाने कसं शिकणार?

तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये ‘उताणं झोपवा’ (तेव्हा कुशीही चालेल म्हणाले होते) असं सांगितलं, 1994 मध्ये देशभर मोहीम झाली आणि दहा वर्षांत प्रमाण निम्म्यावर आलं. आणि आता तुमच्या-आमच्या कामाचं. 2000 साली तिथल्या 11 राज्यांतल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यात अशा मृत्यूंपैकी साधारण 20 टक्के मुलं सांभाळायला दिलेल्या ठिकाणी झालेले निघाले, त्यातही बरेचसे घरगुती. एक मोठं कारण असं की घरी उताणं झोपायची सवय असलेल्या बाळाला दुसऱ्या कुणी पालथं टाकलं की धोका एकदम वाढतो. म्हणजे आई बरोबर करते आणि नेमकं तुमच्याकडे आल्यावर बिघडतं.

जुनं_खोड

वा! आणि 1992 च्या आधी ‘पालथं झोपवा, उलटी श्वासनलिकेत जात नाही’ हे कोण सांगत होतं? आम्ही अडाणी बायका? तुमचेच डॉक्टर, तुमच्याच पुस्तकांत, चांगली दोन-तीन दशकं. मला ते तसंच शिकवलेलं आहे! माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी दवाखान्यात नर्सनेच पालथं करून दाखवलं होतं. उद्या पुन्हा पलटी माराल, तेव्हा मीच पुन्हा वर्गात बसायचं का?

रात्रपाळी_नर्स

हो. बसायचं.

तिरपा_डोळा

‘हो. बसायचं.’ नर्सबाई, इंजेक्शनही असंच न सांगता देता का? 😄

नऊ_ते_सहा

पालक म्हणून बोलतो. माझी मुलगी दीड वर्षाची, रोज नऊ तास दुसऱ्याच्या घरी. केस कापणाऱ्याकडेही मी दोन गोष्टी विचारतो आणि इथे ‘काकू फार प्रेमळ आहेत’ एवढ्यावर मूल सोपवायचं. फ्रान्समध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्यांना 120 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्यातले 80 तास पहिलं मूल घरात घ्यायच्या आधी. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी 160 तासांचा अभ्यासक्रम जाऊन 300 तासांचा आलाय. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा 12 तासांचा कोर्स आणि दर तीन वर्षांनी पुन्हा. त्या काय प्रेमळ नाहीत?

शिवाय अमेरिकेत 1991 पासून हजारावर मुलांचा जो मोठा पाठपुरावा झाला, त्यात घरगुती पाळणाघरांचं वेगळं विश्लेषण आहे. जास्त शिकलेल्या आणि अलीकडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांच्या घरी मुलांना जास्त माया आणि जास्त बोलणं मिळतं असंच निघालं. भिंतीवर प्रमाणपत्र दिसलं पाहिजे, मी तरी त्याशिवाय मूल ठेवणार नाही.

पाचजणांची_मावशी

नऊ ते सहा, तुमचं नाव वाचूनच पोटात गोळा आला. मुलगी नऊ तास असते म्हणता, म्हणजे सहाच्या ठोक्याला घ्यायला येता ना? की सव्वासहा, साडेसहा, ‘ताई, निघालोच होतो’?

300 तास म्हणता. माझा दिवस साडेआठला सुरू होतो आणि शेवटचं मूल सातला जातं. त्यानंतर भांडी, गाद्या, खेळणी धुणं. प्रशिक्षण कधी? शनिवारी सकाळी दहा ते पाच. त्या दिवशी माझ्या घरची माणसं माझ्याकडे बघत असतात. मधल्या वारी ठेवलं तर पाळणाघर बंद, दिवसाची फी बुडाली, वर पालकांची तोंडं वाकडी. बदली बाई घरगुती पाळणाघराला नसते. या तासांचे पैसे मोजून देणारा तुमच्यापैकी कुणी आहे का?

आणि शिकवायचंच असेल तर आधी पालकांना शिकवा. सकाळी तापाचं औषध पाजून मूल दारात सोडायचं, ‘रात्री झोप झाली नाही, जरा किरकिर करेल’ म्हणायचं. औषध चार-सहा तासांत उतरतं. बरोब्बर एक वाजता मूल तव्यासारखं तापतं आणि तोपर्यंत ते बाकीच्या चौघांच्या अंगावर शिंकून झालेलं असतं. फोन केला की ‘मीटिंगमध्ये आहे’.

नऊ_ते_सहा

विषय प्रशिक्षणाचा होता.

दोन_जुळी

नाही नाही, हा विषय महत्त्वाचा आहे! आम्ही औषध देऊन पाठवतो, हो, पाठवतो. तुमच्या साहेबाला सांगून बघा ‘मुलाला 100 ताप आहे’, महिन्यातून तिसऱ्यांदा. हौस म्हणून करत नाही कुणी.

जुनं_खोड

हौस नाही म्हणून शेजारच्या बाळाला ताप द्यायचा? माझा नियम सोपा आहे. औषध न देता चोवीस तास ताप नसेल तर दार उघडेन. एकीने औषध दिल्याचं लपवलं, मी दुपारी पुन्हा पाजणार होते. तिच्या मोठ्या मुलीने सांगितलं, ‘आईने सकाळी गुलाबी औषध दिलंय’. दोनदा गेलं असतं पोटात. यकृतावर जातं ते.

रात्रपाळी_नर्स

या एका गोष्टीवर खोड काकूंशी शंभर टक्के सहमत. आजची तारीख लिहून ठेवा, असं पुन्हा होणार नाही! औषध किती आणि किती वाजता, दारातच वहीत लिहून सही घ्या.

तिरपा_डोळा

मग पालकांनाही 120 तास. 80 तास मूल जन्माला घालायच्या आधी.

दोन_जुळी

विनोद सुचतो कारण तुमच्या घरी कुणी आजारी नाहीये. उशिराचं पण बोलूया. दहा मिनिटं उशीर झाला की जास्तीची फी लावतात, आणि पाळणाघर सकाळी अर्धा तास उशिरा उघडलं तर?

पाचजणांची_मावशी

दहा मिनिटं रोजची होतात म्हणून लावतात, बाई. त्या दहा मिनिटांत बाकीची मुलं गेलेली असतात आणि तुमचं एकटं दाराशी चप्पल घालून उभं असतं. ते बघायला तुम्ही नसता, मी असते.

दोन_जुळी

ते चपलेचं उगाच लिहिलंत. आता रात्रभर तेच दिसणार.

वर्ग_घेणारी

मी हे प्रशिक्षण देते, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या शिव्यांची मालकीण. औषधाच्या वहीसह वरचं सगळं खरं तर आमच्या अभ्यासक्रमात आहे, पण लोक येतात ते फक्त हजेरीच्या सहीपुरते. मागच्या बाकावर बसून भाज्या निवडणाऱ्या पाहिल्यात मी. सगळा दोष प्रशिक्षणाचा कसा?

पाचजणांची_मावशी

भाजी निवडणारी मीच असू शकते! कारण सांगते. दिवसभर पडद्यावर काय होतं? ‘वाचन कोपरा’, ‘वाळू कोपरा’, ‘शांतता कोपरा’. माझ्या खोलीला एकूण कोपरे चार, एकात कपाट, एकात दार. सगळं शिकवणं बालवाडीचं, एका वयाची वीस मुलं आणि दोन ताया धरून. माझ्याकडे आठ महिने ते सहा वर्षं एकाच चटईवर. थोरल्याचे मणी म्हणजे धाकटीच्या घशाचा धोका. थोरल्याला मणी द्यायचेच नाहीत का? ते टेबलावर उभ्याने खेळायचे, हे मला कुणी शिकवलं नाही, मीच शोधलं. आग लागली तर मी एकटीने न चालणारी दोन आणि पळून जाणारी तीन बाहेर कशी काढायची? विचारलं तर उत्तर आलं, ‘सहकाऱ्याची मदत घ्या’.

आणि वर ‘मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा’. बसते हो. उठवायला कोण येणार?

वर्ग_घेणारी

सहकाऱ्याचं उत्तर मी नाही दिलं, पण माझ्या स्लाइडमध्येही ते आहे, आत्ताच उघडून पाहिली. काढते.

बाकी तुमच्या बाजूचंच एक देते, मनाविरुद्ध. एक दिवसाच्या शिबिराने फार काही टिकत नाही हे आम्हालाही माहीत आहे. श्वास आणि हृदय थांबल्यावर करायचा तो छाती दाबण्याचा सराव काही महिन्यांतच विसरायला होतो. त्यापेक्षा कुणी घरी येऊन दोन तास तुमच्याबरोबर चटईवर बसलं, महिन्यातून एकदा, वर्षभर, तर फरक पडतो. पण त्याला माणसं लागतात. हॉल भरवणं स्वस्त पडतं म्हणून हॉल भरवतात.

नऊ_ते_सहा

म्हणजे प्रमाणपत्राला अर्थ नाही असं प्रमाणपत्र देणारीच म्हणतेय. छान.

रात्रपाळी_नर्स

भिंतीवरच्या कागदाची तारीख बघा, एवढा अर्थ आहे. बाळाची छाती दोन बोटांनी दाबा असं इतकी वर्षं शिकवलं. 2025 च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांत ती पद्धत काढून टाकली. आता एका तळहाताचा मनगटाकडचा भाग, किंवा दोन्ही हातांनी छाती वेढून अंगठे. दोन बोटांनी पुरेसं खोल दाबलं जात नव्हतं. प्रमाणपत्र 2015 चं असेल तर ती बाई मन लावून जुनंच करणार. आणि हो खोड काकू, तुम्ही म्हणालात ते खरंच आहे. आम्ही पलटी मारतो.

जुनं_खोड

कबूल केलंस, बरं वाटलं.

आता भांडण बाजूला ठेवून विचारते. माझ्याकडे सध्या चार महिन्यांची आहे एक. तिच्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उताणीच झोपते. मी मान डोलावली आणि पालथी टाकली. काल रात्री तुझं ते सवयीचं वाचलं आणि आज दुपारी उताणी टाकली. वीस मिनिटं दचकत होती, मी शेजारी बसून. पण समजा झोपेत स्वतःच पालथी झाली तर? दर वेळी उलटवायची का? मग मी जेवायचं कधी?

रात्रपाळी_नर्स

चार महिन्यांची अजून दोन्हीकडे वळत नसेल तर हो, उताणी करायची. एकदा दोन्ही बाजूंना आपणहून वळायला लागली की टाकताना उताणीच टाका, नंतर ती वळली तर राहू द्या. घट्ट गुंडाळलेली नको, भोवती उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. गादी टणक आणि सपाट.

जुनं_खोड

लोड आहेत. पडू नये म्हणून दोन्हीकडे लावते.

रात्रपाळी_नर्स

काढा, काकू. खाली जमिनीवर टणक गादी घाला, पडायचा प्रश्नच नाही.

जुनं_खोड

काढले. वर्गाला मात्र येणार नाही. ती मावशीची बाहुली दे पाठवून, कापडाची चालेल का?

पाचजणांची_मावशी

कापडाची नाही चालत, छाती दाबली जाऊन परत वर यायला हवी. माझ्याकडे एक आहे, तिचं डोकं सहा वर्षांच्याने खेळून सैल केलंय. नेऊन देईन, पण तापाचं मूल दारात नसेल त्या दिवशी.