भंडारदरा एका दिवसात, आजी-आजोबा आणि पोरांसकट, जमेल का?

गोदाकाठची
दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून सकाळी निघून रात्री परत असा भंडारदऱ्याचा प्लॅन आहे. सोबत सासूबाई-सासरे, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे पायऱ्या-बियऱ्या नकोत, आणि दोन पोरं, धाकटा पाच वर्षांचा. रंधा फॉल, अंब्रेला फॉल, अमृतेश्वर, सांदण दरी, कोकणकडा एवढं लिहून ठेवलंय. सगळं होईल का आणि आधी कुठे जाऊ?

प्रवराकाठ
ताई, सांदण दरी आत्ताच खोडून टाका. ती साम्रदला आहे, आत सगळे मोठमोठे दगडधोंडे आणि दिवाळीपर्यंत मधे पाणी पण साचलेलं असतं, तिथे सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा नकोच. अंब्रेला फॉल विल्सन धरणाच्या, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणाच्या, पायथ्याशी आहे पण धरणातून पाणी सोडलं असेल तरच तो पडतो, त्यामुळे पोरांना आधीपासून सांगून ठेवू नका, दिसला तर बोनस.

बाकी रस्ता असा घ्या. घोटीवरून शेंडीला, म्हणजे धरणाजवळच्या गावात, या, तिथून मुतखेलमार्गे आधी रतनवाडी, मग साम्रद, घाटघर, आणि उडदावणे-पांजरेवरून परत शेंडी. असं फिरलं की तलाव सगळीकडे उजव्या हाताला राहतो, म्हणून आजी-आजोबांना उजवीकडच्या खिडकीला बसवा. सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीमागून येतं, रतनगड किल्ला आणि त्याचा खुट्टा, म्हणजे शेजारचा सुळका, एकदम स्वच्छ दिसतो, आणि संध्याकाळी परतताना पण डोळ्यावर ऊन नाही.

हेमाडपंती
वरच्यांशी सहमत, फक्त रतनवाडीच्या अमृतेश्वरला घाई करू नका प्लीज. लोक येतात, नंदीसोबत फोटो काढतात आणि सुटतात. शिलाहार काळातलं मंदिर आहे, बाहेरच्या भिंतीवरून नुसती नजर फिरवत एक चक्कर मारा, खांब आणि छत तर बघत बसावं असं कोरलंय. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते हे पोरांना सांगा. शेजारची पुष्करणी पण बघा, कडेने कोनाड्यात विष्णूच्या मूर्ती आहेत. प्रवरा नदी याच रतनगडावर उगम पावते, आजोबांना हे नक्की आवडेल.

गोदाकाठची
सासरे श्रीरामपूरचे, त्यांचं बालपण प्रवरेच्या कालव्यावर गेलंय, म्हणून तर त्यांना धरण बघायचंच आहे! जेवणाचं काय करायचं?

प्रवराकाठ
अरे वा मग तर त्यांना धरणाजवळ निवांत वेळ द्या. १९१० ला काम सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं, दगडी बांधकाम, ८२ मीटर उंच. इथून सोडलेलं पाणी नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डावा-उजवा कालवा निघतो, म्हणजे ज्या पाण्यात ते पोहले असतील ते इथूनच गेलेलं. त्यांना बोलतं करा, पोरांना ऐकू द्या.

जेवण रतनवाडीत घरगुती मिळतं पण पोचल्या पोचल्या सांगून ठेवायचं, मग मंदिर बघून होईपर्यंत भाकरी, पिठलं, ठेचा तयार. रोख पैसे ठेवा, आत रेंज जाते त्यामुळे फोनवरून पैसे देता येतीलच असं नाही, आणि वनविभागाच्या नाक्यावर पावती पण फाडावी लागते. पेट्रोल घोटीतच भरून घ्या.

सह्यवेडा
घाटघरचा कोकणकडा दुपारी उशिरा ठेवा. वर महाराष्ट्रातला भरपूर पाऊस पडणारा भाग आणि कड्याखाली एकदम कोकण, तिथे लहानग्याचा हात अजिबात सोडू नका, वारा जोरात असतो. पुढे उडदावण्याच्या बाजूला डावीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि उजवीकडे पाणी, गाडी जरा थांबवाच. रंधा मात्र शेंडीच्या पुढे राजूरकडे दहाएक किमी उलट दिशेला आहे, अंधार व्हायच्या आत शेंडीत पोचलात तरच करा, नाहीतर सरळ घोटीचा रस्ता धरा.

गोदाकाठची
मग सांदण आणि रंधा दोन्ही कट. सासऱ्यांना धरण सकाळी दाखवू की परतताना?

प्रवराकाठ
सकाळी. परत येईपर्यंत पोरं झोपलेली असतील आणि तुम्हाला घरची घाई.