रीफ टाकीसाठी भरवशाचा एटीओ: कोणता घ्यावा आणि कसा लावावा?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. ठाण्यात फ्लॅटमध्ये रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळांची टाकी) आहे. डिस्प्ले ६० x ४५ x ४५ सेंमी, खाली कॅबिनेटमध्ये संप (पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी). दगड-वाळू वजा जाता एकूण खारं पाणी साधारण १३० लिटर. सॉफ्ट कोरल, क्लाउनफिशची जोडी, काही गोगलगायी. संपावर दोन पंखे लावलेत, त्यामुळे उन्हाळ्यात रोज अडीच लिटरच्या आसपास पाणी उडतं. रिटर्न चेंबर (संपातला, पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाचा कप्पा) २० x २५ सेंमी. आत्तापर्यंत हातानेच गोडं पाणी घालतोय, आता एटीओ (ऑटो टॉप-ऑफ, उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवायचा आहे.

विचारायचंय ते असं: फ्लोट स्विचवाला घ्यावा की ऑप्टिकल सेन्सरवाला? पाण्यासाठी २० लिटरचा जार कॅबिनेटमध्ये मावतो, तोच ठेवू का? आणि घरच्या आरओचं पाणी चालेल का? चार-पाच दिवस गावी गेलं तरी निर्धास्त राहता यावं, एवढीच अपेक्षा.

प्रवाळवेल:
सेन्सर आणि ब्रँड नंतर ठरवा. आधी बघा की एटीओ बिघडला तर कुठल्या बाजूने बिघडेल.

पंप सुरूच झाला नाही तर तुमच्या टाकीत ३५ पीपीटीची (हजारात ३५ भाग मीठ) सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, दिवसभरात ३५.७ च्या आसपास जाते. अडीच लिटर म्हणजे तुमच्या चेंबरमध्ये ५ सेंमी. म्हणजे रिटर्न पंप दोन-तीन दिवसांत हवा ओढायला लागेल, आवाज येईल, कळेल. कोरल तेवढ्याने मरत नाहीत.

उलट पंप बंदच झाला नाही, तर अख्खा जार काही मिनिटांत संपात. २० लिटरचा जार रिकामा झाला की १३० लिटरमधली सॅलिनिटी ३५ वरून ३०.३ वर येते. क्लाउनफिश कदाचित निभावतील. कोरल आणि गोगलगायी तासाभरात एवढी घसरण सोसतीलच असं नाही. १० लिटरच असते तर ३२.५ वर थांबली असती. त्यामुळे जार केवढा हा प्रश्न पहिला. एरवी ८ ते १० लिटर ठेवा. गावी जाताना पाच दिवसांचे साडेबारा लिटर भरा, त्याहून जास्त नको. तेवढे सगळे एकदम पडले तरी आकडा ३१.९ च्या खाली जात नाही.

आता सेन्सर. फ्लोट स्विच स्वस्त आणि समजायला सोपा, पण हलणारा भाग आला की अडकणं आलं. दांड्यावर मिठाची पुटं चढतात, नाहीतर गोगलगाय वर चढून फ्लोट खाली दाबून धरते, आणि पंपाला वाटतं पाणी कमीच आहे. ऑप्टिकलमध्ये हलणारं काही नसतं. इन्फ्रारेड किरण सेन्सरच्या टोकावरून परत आला तर बाहेर हवा, पाण्यात निसटला तर पाणी. टोकाला बारीक बुडबुडा चिकटून बसला की तो त्याला हवा समजतो आणि पाणी ओतत राहतो. म्हणून बुडबुडे असलेल्या चेंबरमध्ये एकट्या ऑप्टिकलवर भिस्त ठेवू नका.

माझं मत स्पष्ट आहे: नेहमीच्या पातळीला एक सेन्सर आणि त्याच्या २-३ सेंमी वर पंप तोडणारा दुसरा, शक्य असेल तर वेगळ्या तत्त्वावर चालणारा. ट्युन्झे ऑस्मोलेटर ३१५५ मध्ये नेमकं हेच आहे, खाली ऑप्टिकल आणि वर सुरक्षेचा फ्लोट. एक्सपी ॲक्वा ड्युएटोमध्ये दोन्ही ऑप्टिकल. नेपच्यूनच्या एटीकेमध्ये दोन ऑप्टिकल, शिवाय पाणी पडतं त्या तोंडाशी यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह. ऑटोॲक्वा स्मार्ट एटीओ मायक्रो छोटा आणि सुटसुटीत, पण सेन्सर एकच, बाकी भार वेळमर्यादेवर. तुमच्या टाकीला मी ऑस्मोलेटर सुचवेन.

संपवाला:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, फक्त वेळमर्यादेचं गणित करून बघा. ऑस्मोलेटरमध्ये पंप सलग १० मिनिटं चालला की बंद होऊन अलार्म वाजतो. ऐकायला बरं वाटतं, पण पंप मिनिटाला दोन लिटर फेकत असेल तर १० मिनिटांत २० लिटर गेले. अशा वेळी मर्यादा असून नसल्यासारखी. पंपाच्या नळीचं तोंड मापाच्या भांड्यात धरा, एक मिनिट चालवा, किती आलं ते लिहून ठेवा. खोक्यावरचा आकडा धरू नका, तो शून्य उंचीचा असतो.

प्रवाह जास्त निघाला तर नळीवर छोटा ठिबकचा कॉक बसवून मिनिटाला अर्ध्या लिटरवर आणा. तुमच्या चेंबरमध्ये १ सेंमी म्हणजे अर्धा लिटर, म्हणजे पातळी अर्धा सेंमी उतरली की पाव लिटर लागेल आणि पंप अर्धा मिनिट चालेल.

दुसरी गोष्ट सायफनची. एटीओमुळे जमिनीवर पाणी आलं अशा तक्रारींत सेन्सर पुष्कळदा निर्दोष असतो. जारमधल्या पाण्याची पातळी नळीच्या सुटणाऱ्या तोंडापेक्षा वर असेल, तर पंप थांबल्यावरही पाणी आपोआप वाहत राहतं. म्हणून नळीचं तोंड जारमधल्या सगळ्यात वरच्या पातळीहून उंच बांधा आणि ते संपाच्या पाण्यात कधीही बुडवू नका, वर ४-५ सेंमी मोकळी हवा हवी. बुडवलं आणि जारची पातळी संपापेक्षा खाली असली, तर खारं पाणी उलटं जारमध्ये येतं. ते लवकर लक्षातही येत नाही.

माडबन:
एवढं कशाला? जार संपापेक्षा उंचावर ठेवा, संपात यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह लावा. वीज नको, पंप नको, अलार्म नको. लोड शेडिंगमध्येही चालतो.

प्रवाळवेल:
@माडबन, साधेपणाचा मुद्दा मान्य. पण त्याला दुसरी पायरीच नाही. व्हॉल्व्हच्या रबरी सीटवर कण अडकला की थेंब-थेंब चालू, आणि रोखायला जारच्या आकारमानाखेरीज काही नाही. दोन-तीन लिटरच्या जारवर मी तो लावायला सांगेन, पाच दिवसांच्या साठ्यावर नाही. आणि कुणीही तो थेट आरओच्या लाइनला जोडू नये. मग साठ्याला अंतच राहत नाही, शिवाय आरओ दर वेळी मिनिटभर सुरू होऊन बंद पडतो. मेम्ब्रेनमधून सुरुवातीला येणारं पाणी जास्त टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) असतं, नेमकं तेच टाकीत जातं.

संपवाला:
सेन्सर कुठे लावायचा तेही सांगून ठेवतो. फक्त रिटर्न चेंबरमध्ये. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) चेंबरची पातळी काचेच्या आडव्या पट्टीने बांधलेली असते, तिथे बाष्पीभवन दिसतच नाही. ओव्हरफ्लोचं (डिस्प्लेतून खाली उतरणारं) पाणी पडतं त्या कोपऱ्यापासून लांब, आणि संपावर रेफ्युजियमचा (शेवाळ वाढवायच्या कप्प्याचा) दिवा असेल तर प्रकाश थेट सेन्सरवर पडणार नाही असा. चेंबरच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे पातळी जागची हलली तर येता-जाता दिसते.

आणि आता असा बिघाड, जो दोन सेन्सर लावूनही सापडत नाही. डिस्प्लेच्या ओव्हरफ्लोच्या जाळीत शेवाळ किंवा गोगलगाय अडकली की पाणी खाली येणं मंदावतं. डिस्प्ले भरत जातो, रिटर्न चेंबर उतरत जातं. एटीओला दिसतं पाणी कमी. तो भरतो, रिटर्न पंप ते वर चढवतो, आणि शेवटी पाणी डिस्प्लेच्या काठावरून. दोन्ही सेन्सर संपात असल्यामुळे दोघांनाही सगळं ठीकच दिसतं. इथे वाचवतात फक्त दोन गोष्टी: वेळमर्यादा आणि छोटा जार. जाळी दर आठवड्याला काढून ब्रशने घासा.

खाडीकाठ:
फार उपयोगी माहिती, आभार. जार १० लिटरचा करतो. आणखी दोन शंका: आमच्याकडे वीज दिवसातून एक-दोनदा जाते, त्याने काही बिघडेल का? आणि कॅल्शियमसाठी एटीओच्या पाण्यातच चुना घालतात असं ऐकलं, ते करू का?

जलमापक:
आधी आरओचं राहिलंय ते. पिण्याच्या आरओत बहुतेक वेळा टीडीएस कंट्रोलर असतो. तो मुद्दाम थोडं कच्चं पाणी मिसळतो, म्हणून नळाला ४० वगैरे टीडीएस दिसतो. चवीला छान, रीफला वाईट. रोज अडीच लिटर ४० टीडीएसचं म्हणजे रोज १०० मिलिग्रॅम, महिन्याला ३ ग्रॅम, तुमच्या १३० लिटरमध्ये महिन्याला २३ पीपीएमची भर. पाणी उडतं, हे राहतं. त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट किती आणि तांबं आहे का, ते टीडीएस मीटर सांगत नाही. मेम्ब्रेननंतर, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) लावून वेगळी लाइन काढा, तिच्यावर डीआय रेझिनचं (उरलेसुरले क्षार शोषणारं) कार्ट्रिज बसवा. मीटरवर ००० दिसायला हवं. दोन-तीन दिसू लागलं की रेझिन बदला.

जारला झाकण हवंच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पण झाकण हवाबंद नको, नाहीतर पंप ओढेल तसा आत पोकळी तयार होऊन प्रवाह कमी होतो. नळीच्या भोकाशेजारी एक बारीक भोक आणि त्यावर जाळी, बस.

चुन्याबद्दल: सुरुवातीला नको. संपृक्त चुन्याच्या निवळीत लिटरमागे साधारण दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं आणि तिचा पीएच १२ च्या वर असतो. साधं पाणी जास्त पडलं तर सॅलिनिटी घसरते; ही निवळी जास्त पडली तर पीएच उसळून टाकी पांढरीफटक होते, मासेही जातात. शिवाय मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात बाष्पीभवन घटतं, म्हणजे चुन्याचा डोसही नकळत घटतो. सॉफ्ट कोरलची कॅल्शियमची गरज तशीही कमी, पाणी बदलण्यातून भागते. पुढे दगडी कोरल ठेवलेत तर वेगळा डोसिंग पंप घ्या. आणि पानाचा चुना कदापि नको, त्यात आणखी काय आहे ते माहीत नसतं.

संपवाला:
विजेचं सांगतो. वीज गेली की डिस्प्लेचं वरचं पाणी संपात उतरतं. तुमच्या टाकीत दीड सेंमी म्हणजे ४ लिटर. संपात ही ४ लिटरची जागा आणि वर जारच्या १० लिटरची, अशी एकूण १४ लिटर जागा मोकळी राहायला हवी. नसेल तर चालू पातळी खाली आणा किंवा जार लहान करा.

वीज परत आल्यावर डिस्प्ले भरेपर्यंत रिटर्न चेंबर तात्पुरतं खाली जातं आणि एटीओ घाईने पाणी ओततो. एटीओला पाच मिनिटं उशिरा वीज देणारा डिले लावा. दुसरं असं की काही यंत्रांत वीज गेली की अलार्म पुसला जातो. म्हणजे अडकलेल्या फ्लोटमुळे थांबलेला पंप वीज येताच पुन्हा नव्याने सुरू. विकत घेण्याआधी हे विचारून घ्या.

गावी जाताना एटीओ डिजिटल टायमरवर टाका: दिवसातून चारदा, दोन-दोन मिनिटं. मिनिटाला अर्धा लिटर धरला तर काही झालं तरी दिवसाला ४ लिटरच्या वर पाणी जाणार नाही. चकतीचा यांत्रिक टायमर चालणार नाही, त्याचा सगळ्यात छोटा टप्पा बहुधा १५ मिनिटांचा असतो.

माडबन:
एटीओ घरीच बनवायचा असेल तर? दोन फ्लोट स्विच आणि १२ व्होल्टचा पंप आहे माझ्याकडे.

प्रवाळवेल:
बनतो. दोन्ही स्विच सिरीजमध्ये (एकाच तारेत एकापाठोपाठ), म्हणजे वरचा उघडला की खालचा काहीही म्हणो, पंप बंद. पण पंपाचा करंट थेट स्विचमधून नेऊ नका. आतला रीड संपर्क (चुंबकाने जुळणाऱ्या बारीक पट्ट्या) नाजूक असतो, मोटार सुरू होतानाच्या झटक्याने तो चिकटून बसतो आणि मग पंप थांबतच नाही. स्विचने रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) चालवा, रिलेने पंप, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. वेळमर्यादेसाठी टायमर मॉड्यूल लावल्याशिवाय मात्र वापरू नका.

@खाडीकाठ, बसवल्यावर टाकीवर सोपवण्याआधी हे करून बघा. खालचा सेन्सर पाण्याबाहेर काढून धरा: पंप सुरू झाला पाहिजे. तसाच धरून वेळमर्यादा संपू द्या, नळी बादलीत सोडून: पंप थांबून अलार्म आला पाहिजे. पुन्हा सुरू करा आणि वरचा फ्लोट बोटाने उचला: लगेच थांबला पाहिजे. मग नळी जागेवर बांधा, जार काठोकाठ भरा, पंप थांबल्यावर दोन मिनिटं तोंडाकडे बघत राहा. थेंब थांबले नाहीत तर सायफन आहे.

पाणी बदलताना एटीओ आधी बंद करा, नाहीतर तुम्ही काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी तो गोडं भरेल. स्किमर पातळ, पाणचट स्किमेट (गोळा केलेली घाण) काढत असेल तरी हेच हळूहळू होतं, म्हणून आठवड्याला एकदा रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं साधन) लावा, तोही ३५ पीपीटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट केलेला. महिन्यातून एकदा सेन्सर आणि फ्लोट पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने पुसा, गोड्या पाण्याने धुऊन परत लावा. आणि लावल्यावर पहिला आठवडाभर तरी गावी जाऊ नका.