तळ्यातला गणपती आहे, तळं कुठाय? सारसबागेत पाणी परत आणावं का?

काठावरची: सारसबागेतल्या गणपतीला पुण्यात आजही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचं पाणी अडवून तळं करवलं, मधे बेट राखलं. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी त्या बेटावर सिद्धिविनायक बसवला. पुढे तळं गेलं, १९६०च्या दशकात बाग झाली. हिरवळीचा थोडा भाग खणून खरं तळं करावं, असं मला मनापासून वाटतं. उथळ काठ, लव्हाळी, ढोकरी-खंड्याला जागा. देवळाजवळचं बांधीव पाणी म्हणजे तळं नव्हे.

रोजची फेरी: सहमत नाही. पाणी आणणार कुठून? ओढ्यात आता सांडपाणी वाहतं. ते अडवलं की नत्र-स्फुरद साचतं, जलपर्णी माजते, खालचा प्राणवायू संपतो, मासे मरतात. पाषाणचा तलाव बघा. शिवाय ती हिरवळ रिकामी पडलेली नाही. पेठेत दोन खोल्यांत राहणाऱ्यांचं ते अंगण आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी आई तिथेच पुन्हा चालायला लागली.

काठावरची: आईंचं वाचून बरं वाटलं. पण सांडपाणी आहे म्हणून तळंच नको? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाच ओढा घरांत शिरला, माणसं गेली. तळं असतं तर पाण्याला पसरायला जागा मिळाली असती.

ओढेवाला: काठावरची, पुराबद्दल तुमचं चुकतंय. भरलेलं तळं पूर थोपवत नाही, थोपवते ती त्यातली रिकामी जागा. त्या रात्री वरचा कात्रजचा तलावही भरून वाहत होता. पुरासाठी ओढ्याचं पात्र मोकळं करा, काठावरच्या भिंती मागे घ्या. तळं हवंच असेल तर ते पाखरांसाठी मागा, मी तुमच्या बाजूने. बागेत पडणारं पावसाचं पाणी तिथेच खोलगटात जिरू द्यावं आणि उन्हाळ्यात आटू द्यावं. आटत्या काठचा चिखल हिवाळ्यात तुतवारांना लागतोच.

रोजची फेरी: ओढ्याचा थेंबही नको आणि फिरायची वाट तशीच राहणार असेल, तर विचार करीन. डासांचं मात्र आधी सांगा.

ओढेवाला: चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, पण त्यांना स्वच्छ पाणी आणि काठचं गवत लागतं. सिमेंटचे काठ केलेत तर तुमची भीती खरी ठरेल.

काठावरची: काठ मातीचेच हवेत, हे कबूल. पण उन्हाळ्यात आटणारं पाणी मला पुरत नाही. बेटाभोवती बारमाही पाणी हवं.