श्यामची आई: तुम्हाला आधी पुस्तकात भेटली की सिनेमात?

गोधडीवाली
परवा रात्री ओटा आवरत होते तर हॉलमधून 'भरजरी गं पितांबर' कानावर आलं. लेकीने टॅबवर जुना 'श्यामची आई' लावला होता, अत्र्यांचा, १९५३ चा. बसले ती संपेपर्यंत उठलेच नाही. लहानपणी माझ्या डोक्यात हा सिनेमा म्हणजे श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंडीवर लुगडं पसरणारी आई, एवढाच होता. आता बघताना सगळं लक्ष त्या बाईकडेच. कर्ज, दारात येणारी सावकाराची माणसं, अंगात ताप आणि तरी चूल पेटवायचीच. लेक म्हणाली, "ती आजारी आहे ना, मग घरातले बाकीचे काय करतायत?" मला उत्तरच सुचेना. तुमचे अनुभव लिहा ना, पुस्तक असो नाहीतर सिनेमा, रडण्याचे असलेच पाहिजेत असं काही नाही.

खडूस_काका
आमच्या शाळेत हॉलमध्ये सतरंज्या टाकून दाखवला होता. प्रोजेक्टर भाड्याचा. नेमकी आई शेवटच्या आजारात आणि रीळ तुटलं, अंधारात पोरांनी शिट्ट्या मारल्या, दिवे लागले तर सर छडी घेऊन उभे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'छडी लागे छमछम' हे गाणं याच सिनेमातलं आहे, अत्र्यांचे शब्द, वसंत देसाईंची चाल. आमच्या सरांनी त्याचं प्रात्यक्षिक दिलं.

गोधडीवाली
काका 😂 ते गाणं यातलं आहे हे मला परवाच कळलं

विहिरीतला_बेडूक
पाय-धुणं वगैरे ठीक आहे पण मला आठवते ती पोहण्याची गोष्ट, पोरगा भिऊन लपतो आणि ही प्रेमळ आई शिंपटीने फोडून काढते, का तर लोकांनी माझ्या मुलाला भित्रा म्हणू नये. माझ्या आईने ही गोष्ट वाचली आणि माझी वाट लागली, मे महिन्यात आजोळी मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि दिलं ढकलून, डबा वर आणि मी खाली, नाकात पाणी, काथ्याच्या दोरीचे वळ आठवडाभर पोटावर, आंघोळ करताना झोंबायचे, आणि आजी वर काठावर उभी राहून म्हणतेय हात मार रे हात मार. पण पोहायला आलं बरं का, आता माझा मुलगा क्लासला जातो तिथे गॉगल, टोपी, फ्लोट आणि कोच त्याला 'चॅम्प' म्हणतो.

सुगरण_नाही
डबा!! आमच्याकडे सुकवलेला भोपळा असायचा, डबा म्हणजे तुम्ही श्रीमंत

विहिरीतला_बेडूक
डालड्याचा होता हो ताई, कसली श्रीमंती

मीनल_बोलते
थोडं वेगळं बोलते, राग नसावा. आमच्या घरी हे पुस्तक धाकासारखं वापरलं गेलं. उलट बोललं की "श्याम बघ", भाजी नको म्हटलं की "श्याम बघ". प्रत्येक बक्षीस समारंभात हेच पुस्तक मिळायचं, माझ्याकडे एकावर एक प्रती साठल्या होत्या. त्यामुळे सिनेमा लागला की मी उठून जायचे. मोठेपणी स्वतःहून वाचलं तेव्हा 'अळणी भाजी'पाशी थांबले. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, तिला वाईट वाटू नये म्हणून. शेवटी ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. सगळे वडिलांच्या समंजसपणाबद्दल बोलतात आणि ते खरंच आहे, पण ती सगळ्यांच्या शेवटी बसलीये, एकटी, हे आम्हाला शाळेत कोणी दाखवलंच नाही.

गोधडीवाली
मीनल 👏 राग कसला, हेच हवं होतं

पुस्तककिडा_७
थोडी माहिती. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, फेब्रुवारी १९३३, अवघ्या काही दिवसांत. श्याम रोज रात्री आईची एक गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री आहेत, पुस्तक १९३५ ला आलं. सिनेमाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, देशातलं पहिलं. पण तो बघायला गुरुजी नव्हते, ते १९५० मध्येच गेले. वनमाला आई, माधव वझे श्याम. वनमाला आधी हिंदीत 'सिकंदर'मध्ये चमकलेल्या, त्यांना नऊवारीत चुलीपुढे बसवायचं धाडस अत्र्यांनीच करावं. माझ्या मते सिनेमा पुस्तकापेक्षा कमी रडका आहे, अत्र्यांचा मिश्कीलपणा मधूनमधून डोकावतोच.

खडूस_काका
कमी रडका?? आमच्या सतरंज्या ओल्या झाल्या होत्या

दापोलीकर_भाचा
गुरुजींचं गाव पालगड आमच्या आजोळापासून जवळ. पत्रावळीची गोष्ट आठवते का कुणाला, श्याम लावायला शिकत नाही म्हणून घरात रामायण? आजी आम्हाला बसवायची, पानं ओली करून फडक्यात ठेवायची नाहीतर काडी टोचताना फाटतात, आणि काडी फार खोल गेली की टोक वर येतं, मग आमटी वाढली की खालून गळते. माझी गळायची. आजी ती मलाच वाढायची. नंतर लग्नात थर्माकोलच्या आल्या, आता कागदाच्या, गळायचा प्रश्नच मिटला.

सुगरण_नाही
कोणती पानं? वडाची का?

दापोलीकर_भाचा
वडाची, कुड्याची, जी मिळतील ती

दुपारची_डुलकी
मी शेवटचं वाचत नाही. श्याम पोचतो तेव्हा आई गेलेली असते ना. मी पण ट्रेनमध्ये होतो. एवढंच.

मीनल_बोलते
दादा 🙏

गोधडीवाली
काही लिहायची गरज नाही दादा. आम्ही आहोत.

पेन्शनर_प्रमिला
बाळा, माझाही मोठा भाऊ असाच पोचला नव्हता. आई काही रागावत नाही त्यावर, हे मी आई म्हणून सांगते. जेवलास का आज?

दुपारची_डुलकी
जेवलो काकू. थँक्यू

दोन_पोरांची_आई
२०२३ चा नवीन बघितला का कुणी? सुजय डहाकेंचा, तोही ब्लॅक अँड व्हाइट. ओम भूतकर साने गुरुजी झालाय. आम्ही थेटरात गेलो, धाकटा पाच मिनिटांत मोठ्याने, "आई, यांचा रंग बिघडलाय, सांग ना त्यांना". मागची रांग हसली. मला आवडला, गुरुजींचा तुरुंग, स्वातंत्र्याची चळवळ पण आहे त्यात, नुसता आई-मुलगा नाही. पण धाकट्याला मध्येच सू लागली आणि नेमका जो प्रसंग मला बघायचा होता तो मी बाथरूमबाहेर उभी राहून ऐकला 🤦‍♀️

पुस्तककिडा_७
कोणता प्रसंग?

दोन_पोरांची_आई
सांगते नंतर, कुकर झालाय

खडूस_काका
अळणी भाजीवरून आठवलं, आज आमच्याकडे आमटीत मीठ नव्हतं. मी श्यामच्या वडिलांसारखा गप्प जेवलो. ही म्हणाली, "बोलत का नाही? पथ्याची म्हणून मुद्दाम घातलं नाही, बीपी वाढलंय तुमचं."

मीनल_बोलते
😂😂 काका गोळी घेतली का?

खडूस_काका
घेतो घेतो, तुम्ही पण तिच्या पार्टीतल्या