आजोळच्या जागेवर घर बांधायचे आहे, पण समोरच्या वाळूत कासवे येतात

प्रश्न (कराड, जि. सातारा):
गुहागर तालुक्यातील एका गावात आईला तिच्या माहेरची अकरा गुंठे जागा वाटणीत मिळाली असून, उतारवयात तिथेच राहावे अशी तिची मनापासून इच्छा आहे. जागेपुढे सुरूची रांग, मग वाळूचा उंचवटा आणि लगेच समुद्र आहे. गेल्या फेब्रुवारीत आम्ही कुंभार्ली घाट उतरून तिथे मुक्कामाला गेलो, तेव्हा पहाटे वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी रुंद वाट पाण्यातून वर आलेली दिसली. शेजारच्या बंगल्याच्या दिव्यांसमोर ती वळली होती आणि कुठेही खड्डा न करता परत पाण्यात गेली होती. मादी अंडी न घालताच फिरली, असे गावच्या कासवमित्राने सांगितले. ते पाहिल्यापासून मन अस्वस्थ आहे. अशा जागी घर बांधता येते का, आणि आले तरी ते कसे बांधावे?

उत्तर १ (सातारा):
आधी मोजणी करून घ्या आणि मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यात आपला गट कुठे पडतो ते पाहा. वास्तुविशारदाकडे त्यानंतरच जा. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे उच्चतम भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या नियमांत येते आणि विरळ वस्तीच्या गावांत त्यातले पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र, म्हणजे नवे बांधकाम सहसा न करू देण्याचा पट्टा असतो. कासवांची अंडी घालण्याची जागा आणि वाळूच्या टेकड्या तर सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात. कोकणात अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ‘सगळेच बांधतात’ असे सांगणारे गावात भेटतील, पण त्यांच्या भरवशावर आईची पुंजी घालू नका.

उत्तर २ (सांगली):
परवानगी मिळाली तरी खरा प्रश्न दिव्यांचा आहे. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बहुधा रात्री बाहेर पडतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचा असतो, आपल्या गॅलरीतला दिवा लागला की ती जमिनीकडे वळतात. म्हणून खिडक्या आणि ओसरी रस्त्याच्या बाजूला घ्या. बाहेर दिवा लागणारच असेल, तर तो बुटका, वरून झाकलेला आणि तांबूस असावा. उंचवट्यावरची मर्यादवेल उपटून हिरवळ लावू नका, कारण वाळू तीच धरून ठेवते. आमच्याकडे कृष्णेच्या काठी मगरी दरडीत अंडी घालतात. ती दरड मातीसाठी खणली गेली की मगरीला दुसरी जागा कुठली?

उत्तर ३ (वाई):
वरचे सारे पटते, पण भार एकाच कुटुंबावर पडू नये. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरचे दिवे ग्रामपंचायतीचे असतात आणि दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की मादीला वर चढताच येत नाही. नोव्हेंबर ते मार्च या विणीच्या काळात रस्त्यावरचे दिवे झाकण्याचा विषय ग्रामसभेत मांडा. तिथे तुमच्या आईचे बोलणे माहेरवाशिणीचे म्हणून ऐकले जाईल.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. मोजणीचा अर्ज या आठवड्यात देतो. घराच्या आराखड्यात समुद्राकडे मोठी गॅलरी होती. ती काढून मागे विहिरीच्या अंगाला ओसरी घ्यायला आई तयार झाली आहे. गट पूर्णपणे २०० मीटरच्या आत निघाला, तर घर बांधायचे नाही, नारळ लावायचे, हेही तिनेच काल सांगितले.