एस्टेस पार्क, जुलै आणि आई-बाबा: परमिट काढायचं की पहाटे निघायचं?

डोंगरवेडा: जुलैत आई-बाबा येताहेत, कोलोरॅडोतलं रॉकी माउंटन नॅशनल पार्क दाखवायचंय, मुक्काम शेजारच्या एस्टेस पार्क गावात ठरलाय. बायको म्हणते टाइम्ड एन्ट्रीचं (ठरलेल्या वेळेच्या स्लॉटमध्ये आत सोडणारं) परमिट आधीच काढून ठेव. माझं मत, काही गरज नाही. ९ ते २ च्या मध्ये आत शिरायचं असेल तरच ते लागतं, ९ च्या आधी गेट ओलांडलं की दिवस आपला. बेअर लेकच्या रस्त्याला मात्र पहाटे ५ ते संध्याकाळी ६ लागतं, मग तो सोडून देऊ, ट्रेल रिज रोड केला की झालं. सुट्टीतसुद्धा लॅपटॉप घेऊन स्लॉट पकडत बसायचं, हे काही झेपत नाही बुवा.

निवांत_काकू: बेअर लेक सोडून देणार?? अहो तोच तर आई-बाबांना झेपेल असा आहे. तळ्याभोवती मैलभराच्याही आतली वाट, दमलं की बसायचं, आणि समोर हॅलेट पीक. तुमचा ट्रेल रिज रोड जातो १२,१८३ फुटांवर. डेन्व्हर ५,२८०, एस्टेस पार्क साडेसात हजार, आणि विमानातून उतरल्या-उतरल्या दुसऱ्याच दिवशी त्यांना तिथे नेलंत तर व्ह्यू राहिला बाजूला, विरळ हवेने बाबा डोकं धरून गाडीत बसतील. दोन दिवस गावातच काढा, भरपूर पाणी पाजा, बीपीची गोळी असेल तर निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

उशिरा_उठणारा: पहाटे कशाला मरायला उठायचं, २ नंतर पण परमिट लागत नाही की. आरामात जेवून निघा.

रानवारा: @उशिरा_उठणारा, हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. जुलैत दुपारी ढग जमतात आणि वर झाडंच नाहीत, उघड्या माळावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. २०१४ च्या जुलैत ह्याच रस्त्यावर लागोपाठ दोन दिवस वीज पडून दोन जण गेले. बाराच्या आत खाली यायचं, बास.

डोंगरवेडा: बघा, म्हणजे पहाटेच निघायचं, मग परमिट हवंय कशाला!

निवांत_काकू: ट्रेल रिजसाठी नकोच, मी कुठे म्हटलं. बेअर लेकसाठी हवंय. आणि जेटलॅगमध्ये म्हातारी माणसं पहाटे जागी असतात हे खरं, पण आंघोळ, पूजा, चहा उरकून नऊच्या आत गेटवर? शुभेच्छा.

हिशेबी: मला तर ही सिस्टीमच आवडते. २०१९ ला ४६ लाखांवर लोक आले होते, पार्किंगसाठी गाड्या नुसत्या गोल गोल फिरायच्या. पार्कचा बहुतेक भाग कायद्याने वाइल्डरनेस आहे, म्हणजे रस्ते-बांधकाम न करता जंगली ठेवायचा, तिथे काय पार्किंग वाढवत बसणार? आणि आधी नाही मिळालं तर आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ला उरलेली परमिटं सोडतात, तेव्हा ट्राय करा.

डोंगरवेडा: मग जूनच्या सुरुवातीलाच बोलावलं तर? गर्दी कमी.

रानवारा: तेव्हा बेअर लेकच्या वाटेवर बर्फ असू शकतो, ट्रेल रिज पण साधारण मेच्या शेवटी उघडतो आणि बर्फ पडला की परत बंद. सप्टेंबर बेस्ट, एल्क हरणांच्या आरोळ्या ऐकायला मिळतात.

डोंगरवेडा: सप्टेंबरात पोरांची शाळा. जुलैच. @हिशेबी, ७ म्हणजे कोलोरॅडोच्या टाइमने ना? आम्ही न्यू जर्सीहून निघणार आहोत.

हिशेबी: हो. तुमच्याकडे ९.