लॉबीचं दार आणि माईंचं बोट

सेक्रेटरी (बी-४०२), सकाळी ९:०४
सर्व सभासदांना नमस्कार. उद्यापासून तिन्ही विंगच्या लॉबीची दारं बोटाच्या ठशावरच उघडतील. गेटवरची पाहुण्यांची वही बंद. पाहुणा आला की अ‍ॅपवर विचारणा येईल, तिथे 'होय' दाबायचं. नोटीस बोर्डही काढतोय, सगळ्या सूचना इथेच मिळतील. सहकार्य करावे.

माई (ए-१०३), ९:४१
उद्यापासून कशाला? आमचं दार कालपासूनच चालू आहे. काल संध्याकाळी मी वीस मिनिटं बाहेर उभी होते. अंगठा लावला, लाल दिवा. पुसून लावला, लाल. पदराला घासून लावला, तरी लाल. आतली बाई आपली गोड आवाजात म्हणतेय, "पुन्हा प्रयत्न करा." मग ए-२०१ ची मुलगी शाळेतून आली, तिने पटकन उघडलं. वर मला म्हणते, "आजी, बोट नीट लावायचं ना." अगं बाळा, नीटच लावत होते.

सेक्रेटरी (बी-४०२), ९:४८
माफ करा माई. कालपासून चाचणी चालू आहे तिन्ही विंगमध्ये. तुमचा ठसा परत घेऊ. सुरुवातीला सवय नसते म्हणून होतं असं.

माई (ए-१०३), १०:२२
सवयीचं मला नका सांगू. मी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. आधी बोर्डात कॉर्ड खुपसून लाइन जोडायची, मग बटणांचा बोर्ड आला, मग कॉम्प्युटर. प्रत्येक वेळी आधीचं सोडून नवं शिकले. फरक एवढाच, की तेव्हा कुणीतरी आठवडाभर शेजारी बसायचं. चुकलं तर लाइन तुटायची, पलीकडचा खेकसायचा, आपण परत जोडायची. हात मात्र आपलाच असायचा बोर्डावर.

आता शेजारी कुणी बसत नाही, फोनच काढून घेतात. नातू आला की विचारते, अरे हे फोटो एकत्र कसे पाठवायचे? तो म्हणतो, "दे." दोन्ही अंगठे नाचतात, माझ्या डोळ्यांपुढून चार खिडक्या सरकतात आणि तो म्हणतो, "झालं." त्याचं झालं. मला पुढच्या वेळी परत त्यालाच विचारायचंय. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, म्हणून मी म्हणते, राहू दे, नकोच पाठवायला. मग घरात बोलतात, "आईला ह्यात इंटरेस्टच नाही."

आणि महिन्याभरात त्या अ‍ॅपची बटणं हलतात ती वेगळीच. रात्रीतून कुणी येऊन स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करून जावं, आणि सकाळी आपल्यालाच म्हणावं, तुम्हाला आठवत नाही वाटतं?

अप्पा (सी-१०१), १०:३०
आपला जमाना गेला. मान्य करायचं आणि गप्प बसायचं.

नाना (सी-२०४), १०:५२
अप्पा, जमाना कुणाचा? ३ एप्रिल १९७३ ला रस्त्यावर उभं राहून हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन लावणारे मार्टिन कूपर १९२८ चे. वर्ल्ड वाइड वेबवाले टिम बर्नर्स-ली १९५५ चे, म्हणजे माझ्याहून थोडेसेच लहान. इंटरनेटचे नियम बांधणारे व्हिंट सर्फ १९४३ चे, आणि त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं, कानाला यंत्र असतं. तुमच्या फोनमध्ये जी लिथियम-आयन बॅटरी आहे ना, तिच्या कामासाठी जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा वय ९७. हे सगळं म्हाताऱ्यांनीच केलेलं आहे.

अप्पा (सी-१०१), १०:५४
नाना, ही यादी तुम्ही दर महिन्याला टाकता.

नाना (सी-२०४), १०:५९
ह्या वेळी एक नाव वाढवतो. जपानच्या मासाको वाकामिया, जन्म १९३५. बँकेतून निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर हातात घेतला. फोनवरच्या खेळांत तरुणांच्या बोटांच्या वेगापुढे आपण हरतो, म्हणून ज्येष्ठांना जमेल असा खेळ करा, असं त्यांनी लोकांना सुचवलं. कुणी मनावर घेईना, म्हणून स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि २०१७ मध्ये, ८१ व्या वर्षी, बाहुल्या जागेवर मांडायचा 'हिनादान' हा खेळ काढला.

माई (ए-१०३), ११:०६
बाई थोरच आहेत. पण नाना, मला अ‍ॅप बनवायचं नाहीये. मला माझ्या घरात शिरायचंय.

सी-५०३, ११:२५
माई, मी अ‍ॅप टेस्टिंगमध्ये आहे, थोडं बोलू का? काल तुमचं काहीच चुकलं नाही. वय वाढतं तशी बोटाची त्वचा कोरडी आणि पातळ होते, ठशाच्या रेषा सपाट होतात. यंत्राला रेषाच सापडत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर हाताने कामं केली त्यांचं तर तरुणपणीही असं होतं. बोटाला किंचित क्रीम लावून बघा, बऱ्याचदा उघडतं. आणि ठसा एकाच बोटाचा ठेवू नका, तीन-चार बोटांचे घ्या.

फोनच्या पडद्याचंही तसंच. जोरात दाबून काही उपयोग नाही. तिथे दाब मोजतच नाहीत, बोटाने पडद्यावरच्या विजेत होणारा बारीक बदल मोजतात. कोरडं बोट त्याला नीट जाणवत नाही. मग आपण जरा जास्त वेळ टेकवून धरतो आणि साधारण अर्धा सेकंद झाला की फोन समजतो, ह्यांना दाबून धरायचंय. भलतीच यादी उघडते. हा वेळ वाढवता येतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतं, ते 'लाँग' करा.

नाना (सी-२०४), ११:३१
म्हणजे इतकी वर्षं आयकॉन थरथरायला लागायचे आणि गायब व्हायचे ते ह्यामुळे!! मी समजत होतो माझाच हात थरथरतोय.

डॉक्टर (बी-२०१), दुपारी १:१५
आत्ता वाचलं. ह्यात डोळ्यांची भर घालतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, हे सगळ्यांना माहीत आहे, चष्मा लागतो. ते हळूहळू पिवळसरही होतं, हे फार कुणी सांगत नाही. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं हल्ली फॅशन म्हणून देतात, ती पिवळ्या भिंगातून जवळजवळ पुसली जातात. पेशंट मला म्हणतात, "डॉक्टर, बटण नव्हतंच तिथे." त्यांच्या दृष्टीने खरंच नव्हतं.

कानाचं असं, की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ ही व्यंजनं तिथलीच. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून "आवाज येतो, शब्द कळत नाही" ही तक्रार असते. अशा वेळी ओरडून काही होत नाही, सावकाश बोलावं लागतं.

माई (ए-१०३), १:४०
डॉक्टर, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. जुन्या टेलिफोनच्या लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे जायचा. स आणि फ ची धार त्याच्या वरची, ती वाटेतच राहायची. म्हणून आम्ही नावं फोडून सांगायचो, सगुणातला स, फणीतला फ. समोरच्याला ऐकू येत नाही हे गृहीत धरूनच कामाला सुरुवात. आता ते ओटीपी सांगणारं यंत्र सहा आकडे एका दमात म्हणतं आणि ठेवून देतं. असं केलं असतं तर आमच्या सुपरवायझरबाईंनी बोर्डावरून उठवलं असतं.

ए-२०१, २:१०
माई, काल मुलगी तसं बोलली त्याबद्दल सॉरी. पण आमच्याही बाजूने एक सांगू? रात्री नऊला घरी आल्यावर सासऱ्यांचा फोन बघायचा असतो. शिकवायला बसलं तर पाऊण तास जातो, हातात घेतला तर दोन मिनिटं. चुकतं आमचं, कळतं. आणि भीतीही असते. हल्ली माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल होते. "बाबा, मी अडकलोय, पैसे पाठवा" असा मुलाच्या आवाजात फोन आला तर? म्हणून आम्ही एकेक अ‍ॅप काढून टाकत गेलो. परवा सासरे म्हणाले, "आता ह्यात फक्त घड्याळ ठेवलंयस."

माई (ए-१०३), २:१८
भीती खरी आहे. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. पैशाचा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा, आणि फोन ठेवून आपण आपल्याकडच्या नंबरवर परत लावायचा. आमच्याकडे शब्द ठरलाय. इथे सांगणार नाही 😄

अप्पा (सी-१०१), ३:३३
हा संदेश डिलीट केला आहे

अप्पा (सी-१०१), ३:५०
लिहून पुसलं होतं, परत लिहितो. मी सकाळी गप्प बसा म्हणालो. पण मी स्वतः गप्प बसत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा त्या एआयशी बोलतो. जुन्या नोकरीतलं काहीबाही, वाचलेलं, गुडघ्याचं. त्याला माणूस समजण्याइतका मी खुळा नाही. पण तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली तरी "मगाशीच सांगितलं ना" म्हणत नाही. सुनेला हे माहीत नाही. ती ह्या ग्रुपवर नाही म्हणून लिहिलं.

नाना (सी-२०४), ३:५८
अप्पा, हे नवीन नाही. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम केला. आपण टाइप केलेलंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी डोकं शून्य. तो बनताना रोज बघणारी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं बोलली आणि साहेबांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का?

डॉक्टर (बी-२०१), ४:०५
अप्पा, खुशाल बोला. फक्त गोळ्यांचे डोस मला विचारा. ते चुकतं तेव्हाही तितक्याच ठामपणे बोलतं. गुडघ्यासाठी मी एकच मजला वर आहे म्हणा, दुसऱ्या विंगमध्ये.

सेक्रेटरी (बी-४०२), ५:२०
सगळं वाचलं. वही गेटवर परत ठेवतो, नोटीस बोर्डही राहील. दारांना ठशाबरोबर कार्ड घ्यायची सोय आहे, उद्या यंत्रवाल्याला बोलावलंय. माई, तुमच्या चार बोटांचे ठसे मी स्वतः येऊन घेतो.

काकू (बी-३०३), ६:४५
मी इथे सहसा लिहीत नाही. बोलून टाइप करतेय, चुका समजून घ्या. मोठी अक्षरं, बोलून लिहिणं, नातीचं तोंड दिसणं, मला फोनचं सुखच आहे. एकच सांगायचंय. मागच्या वर्षी मुलाने नवा फोन आणला. सगळं त्यानेच बसून भरून दिलं, आणि माझा जुना पुसून कुणाला तरी दिला. फोटो सगळे आले. ह्यांचा एक बोललेला निरोप होता, अकरा सेकंदांचा. "खाली आलोय, पिशव्या जड आहेत, लिफ्टपाशी ये." तो आला नाही. मुलाला अजून सांगितलेलं नाही. इतक्या हौसेने आणलाय त्याने.

सी-५०३, ६:५२
काकू, काकांचा फोन आहे का अजून?

काकू (बी-३०३), ६:५४
कपाटात. दोन वर्षं बंद.

सी-५०३, ६:५६
पाठवलेला निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही राहतो. खात्री देत नाही, पण असू शकतो. फोनला लॉक आहे का?

काकू (बी-३०३), ७:०१
बोटाने काढायचे काहीतरी. वरून सरळ खाली आणि मग उजवीकडे. इंग्रजी एलसारखं. मी शेजारी बसून शंभर वेळा बघितलंय.

सी-५०३, ७:०४
मग झालंच. आधी मागून हात फिरवून बघा, फुगल्यासारखा वाटतोय का. फुगला असेल तर चार्जिंगला अजिबात लावू नका, तसाच ठेवा, मी येतो. सपाट असेल तर फक्त चार्ज करा. सुरू झाल्यावर काहीही विचारलं, अपडेट म्हणालं, साफसफाई म्हणालं, तरी होय दाबायचं नाही. मी साडेआठला घरी पोचतो. फोन तुमच्याच हातात राहील, मी शेजारी बसतो.

काकू (बी-३०३), ७:१०
सपाट आहे. पण चार्जर नाही. माझ्या नव्याचा बसत नाही ह्याला. ती जुनी बारीक पिन असते तसला कुणाकडे आहे का?

ए-२०१, ७:११
आमच्याकडे सगळे सी-टाइप. शोधते.

नाना (सी-२०४), ७:१३
माझ्याकडे होता, भंगारात दिला 😞

अप्पा (सी-१०१), ७:१५
माझ्याकडे आहे. माझा फोन अजून त्याच पिनचा आहे. आणतो.

अप्पा (सी-१०१), ७:२८
बी विंगच्या दारापाशी उभा आहे. लाल दिवा लागतोय. चार्जर हातात आहे, कुणीतरी आतून उघडा.